मुंबईहून एका दिवसात अलिबाग-रेवदंडा: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: रविवारी सकाळी मुंबईहून निघायचं, रात्री घरी परतायचं, मुक्काम नको. बरोबर सत्तरीचे आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी. अलिबागचा किल्ला, नागाव, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि मुरूड-जंजिरा हे सगळं बसेल का? आणि गाडी न्यावी की गेटवेहून बोटीने जावं?

सगळं बसणार नाही. अलिबागहून आक्षी साधारण 5 किलोमीटर, नागाव 8-9, रेवदंडा 17-18, काशीद 30 आणि मुरूड 50 च्या आसपास. आकडे लहान दिसतात, पण रस्ता गावागावांतून, वाड्यांच्या कुंपणांना खेटून जातो. अलिबाग ते मुरूड एका बाजूने दीड ते दोन तास धरा. त्यात राजपुरीला होडीची रांग, जंजिऱ्याला जाणं-येणं आणि किल्ला बघणं म्हणजे आणखी तीन तास. जंजिरा करायचा तर मुक्काम करा आणि तो नीट बघा. एका दिवसासाठी रेवदंड्याची खाडी ही सीमा माना. फार तर पूल ओलांडून कोर्लईपर्यंत जा. काशीदचं नाव यादीतून काढलं तर दिवसातले दोन तास वाचतात आणि तेवढ्यात चौल-रेवदंडा निवांत होतो.

आता मुख्य मुद्दा. या किनाऱ्यावरच्या सहलीचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. लोक आधी बोटीचं तिकीट काढतात, खानावळ ठरवतात आणि किनाऱ्यावर पोचल्यावर विचारतात, “किल्ल्यात चालत जाता येईल का?” तेव्हा मध्ये कमरेएवढं पाणी असतं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी जाण्यासारखा आहे आणि भरतीला तो बेट होतो. म्हणून रविवार निवडताना दिनदर्शिकेत तिथी बघायची.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि तेवढाच वेळ आधीही ओहोटी. उदाहरणार्थ चतुर्थी: 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी पावणेनऊ-नऊला ओहोटी. द्वादशी: 12 ची पाऊणपट 9, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी सव्वातीनला ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट जुळते. मात्र तो अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल, म्हणजे तिथी गळली किंवा दोन दिवस आली, तर आणखी थोडा. दिवस या हिशेबाने निवडा आणि नेमकी वेळ मुंबईच्या, म्हणजे अपोलो बंदरच्या, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा.

पण नुसती वेळ पुरत नाही. पाणी किती उतरतं हेही बघावं लागतं आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती साडेचार मीटरच्या घरात जाते आणि ओहोटीला पाणी अर्ध्या मीटरपर्यंत उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा भरती फार चढत नाही आणि ओहोटी नीट उतरत नाही, पाणी दीड मीटर किंवा त्याहून वर राहू शकतं. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणून कागदावर तो दिवस सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहतं. उधाणाला वाट कोरडी पडते, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. दोन्ही वेळा एका दिवसाच्या सहलीला निरुपयोगी.

म्हणजे उरतात मधल्या तिथी. तृतीया, चतुर्थी, पंचमी या सकाळच्या ओहोटीच्या आणि द्वादशी, त्रयोदशी या दुपारच्या ओहोटीच्या. या दिवशी पाणीही पुरेसं उतरतं आणि वेळही हाताशी असते. तक्त्यात ओहोटीची उंची एक मीटरच्या आत दिसली तर पायी जाण्याची आशा धरा. किनाऱ्यावर पोचल्यावर शेवटचा शब्द घोडागाडीवाल्यांचा. त्यांच्या गाड्या किल्ल्याकडे जाणं थांबलं की तुम्हीही जायचं नाही.

चतुर्थी-पंचमीचा रविवार असेल तर क्रम असा लावा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या पहिल्या फेऱ्या सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सुटतात. पीएनपी, मालदार, अजंठा या कंपन्यांच्या बोटी आहेत आणि त्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं. बोटीला पाऊण ते एक तास, बसला पाऊण तास. साडेआठच्या सुमारास तुम्ही अलिबागमध्ये असता. नाश्ता किल्ल्यानंतर करा, आधी नाही. नाश्त्यात तास गेला तर ओहोटीची वेळ हातातून जाते. पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर एक तास एवढाच काळ सुरक्षित समजा. त्यात पंधरा-वीस मिनिटं जायला, तेवढीच यायला आणि पाऊण-एक तास आत. आई-वडिलांना घोडागाडीत बसवा. ओल्या वाळूत चालणं जमतं, पण किल्ल्याजवळच्या खडकांवर शेवाळ असतं आणि पाय तिथेच घसरतो. पट्टा घट्ट बसणारे रबरी सँडल हवेत. चपला हातात घेऊन अनवाणी जाऊ नका, शिंपल्यांच्या कडा तळपाय कापतात.

आत गेल्यावर दोन गोष्टी सावकाश बघा. समुद्राकडच्या तटाचे दगड चुना न वापरता एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो, त्यामुळे तट उभा राहिला. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचा साठा आहे. किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी सुरू केलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलं. गावात कान्होजींची समाधी आहे, तिथे वाट वाकडी करून दहा मिनिटं थांबावं. अलिबागची चुंबकीय वेधशाळाही 1904 पासूनची. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून ती इथे आणली.

अकराच्या सुमारास रिक्षा ठरवा. गटाने जात असाल तर मिनीडोर, म्हणजे मोठी रिक्षा. दर ठरवताना ठिकाणांची नावं, थांबण्याचा वेळ आणि परत अलिबागला सोडणं हे तिन्ही एकदमच बोलून घ्या. नुसतं “रेवदंड्याला किती?” विचारलं तर तो एका बाजूचा दर असतो आणि संध्याकाळी तिथून रिकामी रिक्षा मिळत नाही. रेवदंड्याकडे एसटीही जाते, पण वाटेत उतरून पुन्हा पुढची बस धरण्यात दिवस जातो. वयस्कर माणसं बरोबर असताना तो हट्ट नको.

पहिला थांबा आक्षी. इथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. शिळा रस्त्यालगतच आहे, त्यामुळे वेगाने जाणारे पुढे निघून जातात. रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा एवढ्या साध्या जागी उभी आहे, तिच्यासमोर मुलीला पाच मिनिटं उभं करा आणि अक्षरं शोधायला लावा.

आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा अष्टागराचा, म्हणजे आठ बागायती गावांचा, पट्टा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, मधून पाट आणि विहिरी. वाडीतून समुद्राकडे जाणाऱ्या बऱ्याच पायवाटा खाजगी आहेत. “जाऊ का इथून?” एवढं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. न विचारता शिरलात, सुपारी वाळत घातलेल्या खळ्यावरून चालत गेलात, तर बोलणी खावी लागतील आणि ती रास्तच असतील.

जेवणाची व्यवस्था नागाव किंवा रेवदंड्याच्या घरगुती खानावळीत करा आणि फोन सकाळी नऊच्या आत करा. घरगुती म्हणजे सकाळी बाजारात मिळेल ते, तुमच्या आकड्याप्रमाणे. दीड वाजता न सांगता गेलात तर रविवारी तास-दीड तास बसावं लागतं आणि तळलेली सुरमई संपलेली असते. तांदळाची भाकरी मागा, पोळी नको. सोलकढी असतेच. जिताडा मिळत असेल तर नक्की खा. खाडीच्या आणि खाजणातल्या तळ्यांच्या पाण्यातला हा मासा पेण-अलिबागकडची खासियत आहे, मुंबईच्या हॉटेलात तो क्वचितच दिसतो. पापलेट आणि जिताड्याचा दर आकाराप्रमाणे बदलतो, म्हणून ताटात येण्याआधी विचारा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात ताजी म्हणून मिळणारी मोठी मासळी बहुधा बर्फातली. तेव्हा खाडीतली मासळी किंवा सुक्याची आमटी बरी.

जेवणानंतर चौल आणि रेवदंडा. चौल हे प्राचीन बंदर. रशियन प्रवासी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. रामेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरची पुष्करणी वयस्कर मंडळींना सोयीची, चढ नाही, सावली आहे. दत्ताच्या टेकडीला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखत असतील तर ती सोडा. रेवदंड्यात रस्ताच पोर्तुगीज कोटाच्या दरवाज्यातून आत जातो. आत नारळीच्या वाड्यांमध्ये चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोरा उभा आहे. त्याच्या पायथ्याला दगड सुटलेले असतात, मुलांना वर चढू देऊ नका.

कोर्लई जमेल का हे इथे ठरवा. घड्याळात अडीचच्या पुढे वेळ झाली असेल तर नको. वेळ असेल तर पूल ओलांडून गावाच्या अरुंद गल्लीतून दीपगृहापर्यंत रिक्षा जाते. किल्ला डोंगराच्या लांबट धारेवर आहे. दीपगृहाकडून चढायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पायऱ्या तुटक्या आहेत, सावली नाही. आई-वडील दीपगृहाजवळ बसले तरी त्यांना खाडीचं मुख आणि समुद्र दिसतो, ते काही चुकवत नाहीत. कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून घराघरांत बोलली जाते. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये हा मुलूख सोडला, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती टिकली आहे. लोकांना मराठी उत्तम येतं. मात्र तोंडावर कॅमेरा धरून “तुमच्या भाषेत बोलून दाखवा” असं करू नका. वाळत घातलेल्या मासळीचे आणि बायकांचे फोटो विचारूनच काढा.

द्वादशी-त्रयोदशीचा रविवार असेल तर हाच क्रम उलटा. अलिबागला उतरल्याबरोबर नाश्ता करून थेट कोर्लई गाठा, ऊन चढायच्या आत किल्ला संपवा, मग रेवदंडा, चौल, नागावला साडेबाराला जेवण आणि तीनपर्यंत अलिबागच्या किनाऱ्यावर. या उलट्या क्रमात धोका शेवटाकडे आहे. किल्ल्यात उशीर झाला तर पाणीही चढतं आणि परतीची बसही जाते. त्रयोदशीला ओहोटी चारच्या आसपास असली तरी साडेचारला किल्ल्यातून निघायचं, मग आत कितीही चांगला उजेड असो.

अमावास्या किंवा पौर्णिमेलाच जायचं ठरलं असेल तर किल्ला पायी होणार नाही हे घरच्यांना आधी सांगा. दुपारी बाराला समुद्र काठोकाठ असतो. अशा दिवशी सकाळ चौल-रेवदंड्याला द्या आणि चारनंतर वरसोली किंवा आक्षीच्या पुळणीवर या, तेव्हा वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. उधाणाच्या ओहोटीचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँच रेवस बंदरातल्या गाळामुळे अशा वेळी थांबतात. स्वस्त म्हणून त्या मार्गाने जाणार असाल तर परतीच्या वेळी ओहोटी नाही ना, हे पडताळून घ्या.

पाण्यात उतरण्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण या किनाऱ्यावर बुडून मृत्यू होतात आणि त्यांतले बरेचसे मुंबई-पुण्याहून एका दिवसासाठी आलेले तरुण असतात. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मध्येच एक शांत, गढूळ पट्टा दिसतो, लोक तिथे उतरतात. पण पाणी बाहेर ओढलं जातं ते नेमकं त्याच पट्ट्यातून. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. मुलीला घोट्याच्या वर पाण्यात सोडायचं नाही आणि तिच्या समुद्राकडच्या बाजूला एक मोठं माणूस उभं हवं. गावकरी किंवा जीवरक्षक नको म्हणाले तर वाद घालू नका.

आता गाडी की बोट. आई-वडील सोबत असल्यामुळे गाडीचा मोह होणं स्वाभाविक आहे. रस्त्याने दादरहून अलिबाग सुमारे 100 किलोमीटर. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाल्यापासून शहरातून बाहेर पडणं सोपं झालं, दुचाकीला मात्र त्यावर परवानगी नाही. पण खरी कोंडी पुढे आहे. पेणनंतर वडखळला गोव्याचा रस्ता सुटतो आणि तिथून पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबागला येणारा रस्ता अरुंद आहे. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. दोन-अडीच तासांच्या परतीला पाच तास लागू शकतात. रस्त्याने जायचंच असेल तर पहाटे साडेपाचला घर सोडा आणि दुपारी तीनला अलिबाग सोडा.

गाडी बरोबर हवी आणि रस्ता नको, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. ही सेवा 2020 पासून आहे, तासाभरात पोचवते. तुमच्यासारख्या कुटुंबासाठी माझी पहिली पसंती हीच. आई-वडिलांना बस बदलावी लागत नाही, रिक्षाची घासाघीस नाही, सामान गाडीत राहतं. गाडीचं भाडं आकारानुसार असतं आणि माणसांचं वेगळं. रविवार संध्याकाळच्या परतीच्या जागा आधी संपतात, म्हणून परतीचं तिकीट आधी काढा आणि मग जाण्याचं. धक्क्यावर किमान पाऊण तास आधी पोचा. गाडी पुळणीवर उतरवू नका. ओली वाळू कडक लागते, वरची कोरडी वाळू चाक गिळते, आणि अडकलेली गाडी निघेपर्यंत भरती येते.

गाडी नसेल तर गेटवेची बोट उत्तम, पण दोन गोष्टी सांभाळा. परतीचं तिकीट ज्या कंपनीचं, त्याच कंपनीची बस आणि बोट धरायची. दुसरी समोर उभी असली तरी चालत नाही. मांडव्याहून शेवटची बोट संध्याकाळी सातच्या आगेमागे असते, ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्या. त्या शेवटच्या बोटीवर बेत आखू नका, तिच्या आधीची धरा. अलिबाग-मांडवा अंतर 20 किलोमीटरच्या आत आहे, पण रविवारी चोंढी नाक्यावर गाड्या अडतात. बोटीच्या दीड तास आधी अलिबाग सोडायला हवं. हिवाळ्यात अलिबागकडे शेतात पोपटी लावतात, भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा मडक्यात भाजतात. ती रात्रीची गोष्ट आहे, एका दिवसाच्या सहलीत तिच्यासाठी थांबलात तर बोट गेली म्हणून समजा.

बोट लागणाऱ्यांनी निघण्याच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी आणि खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागे बसावं. सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. मार्च ते मे दुपारनंतर वारा वाढतो, त्यामुळे परतीचा प्रवासच जास्त हेलकावतो. जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा बोटी बंद असतात आणि रो-रो हवामान बघून चालते. पावसाळ्यात गाव-किनारा बघायचाच असेल तर अलिबाग सोडून पश्चिम रेल्वेने डहाणू लोकल धरून केळवे रोडला उतरा, तिथून गावात रिक्षा जातात. समुद्र फक्त लांबून बघायचा.

खरेदीचं एवढंच. फेब्रुवारी-मार्चपासून अलिबागचा पांढरा कांदा वेण्यांच्या माळांत रस्त्यालगत मिळतो. माळ उचलून हलवून बघा, ओलसर लागली तर घरी आठवड्यात कुजते. चवीला गोडसर, कच्चा खाण्याचा कांदा आहे, भाजीत घालून वाया घालवू नका. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, घ्यायचे तर एक मोडून बघा. कडकन तुटला तर नीट वाळलेला, वाकला तर आत ओल आहे. दोन पिशव्या एकात एक घालून घट्ट बांधा आणि बोटीत पायाशी ठेवा.